खुलाशावरची सही

कात्रणवाल्या बाईंनी पोलादी पट्टी दाबून ब्लेड ओढलं आणि मालकांचा फोटो पानातून अलगद सुटला. खाली ठळक अक्षरं होती : ‘कडव्या पक्षाचा पडद्यामागचा मेंदू.’

अठरा वर्षं त्या सकाळी येत, मालकांविषयी छापून आलेलं वहीत चिकटवत आणि दहाच्या ठोक्याला निघत. छापलेला मालक त्यांना या घरात कधी भेटलाच नव्हता. इथला मालक कपाळावरचा चष्मा घरभर शोधी. पक्षाचा खजिनदार त्यांचा शाळासोबती. दर मंगळवारी बुद्धिबळाला यायचा, उठताना देणगीचा धनादेश न्यायचा. तो वारला. पाखरू उडालं तरी फांदी हलत राहावी, तसा धनादेश जात राहिला. मत मात्र मालक जन्मभर समोरच्या पक्षालाच देत आलेले.

कडव्या पक्षाविरुद्ध मोर्चे काढणारी त्यांची लेक सात वर्षांत उंबरा चढली नव्हती.

“खुलासा टाईप करून आणलाय,” बाई म्हणाल्या. “सही घेतल्याशिवाय आज हलायची नाही मी.”

मालकांनी कागद दोनदा वाचला.

“अक्षर न् अक्षर खरं आहे. पण राहू द्या हो. साबण विकून जन्म गेला. निदान पेपरात तरी मेंदू असू दे.”

“चेष्टा पुरे. पोरगी काय म्हणेल?”

मालकांनी फोन तेवढा जवळ ओढला.

साडेदहाला तो वाजला. पलीकडून लेकीचा चढा आवाज बाईंपर्यंत पोचत होता. लाज, पाप, आई असती तर... मालक डोळे मिटून ऐकत होते, अंगाई ऐकावी तसे.

“बोल गं, बोल. खोकला बरा आहे का तुझा?”

दहा बावन्नला फोन आपटल्याचा आवाज आला.

बाईंनी उगाच वही चाळली. समासात पेन्सिलीचे आकडे : सात, अकरा, चार. देणग्यांचा हिशेब असेल, असंच त्या धरून चालल्या होत्या. आकडे फक्त शिव्याशापांच्या कात्रणांपाशी होते. कौतुकापाशी समास कोरा. मागे एकदा एका आरोपाचा खुलासा छापला होता. त्यापुढचे आठ महिने एकही आकडा नव्हता.

मालक पेन्सिल शोधत होते.

बाईंनी खुलाशाची घडी पर्समध्ये टाकली, घड्याळाकडे पाहिलं आणि नव्या कात्रणापाशी स्वतःच लिहिलं : बावीस.

“आणखी एक मासिक आलंय,” त्या म्हणाल्या. “त्यात याहून वाईट लिहिलंय.”