कुटुंबप्रमुखाने भरलेली झोप

नलिनीचा त्या दुपारी जो संताप झाला, तो अगदी रास्त होता. कुणी काही म्हणो.

लॉकडाऊन लागून दीड महिना झाला होता. आनंद नगरच्या त्या तीन खोल्यांच्या घरात तीन माणसं चोवीस तास कोंडलेली. विनायकराव बेडरूममध्ये कारखान्याच्या मीटिंगा करत, तर मुलगा वरुण हॉलमध्ये लॅपटॉप मांडून बसे. पूर्वी हे दोघं कामावर गेले की दीड ते साडेतीन नलिनी कूलरसमोर चटई टाकून गाढ झोपायची. पहाटे पाचला पाणी भरायला उठणाऱ्या बाईची तीच खरी झोप. आता तीही गेली. स्वयंपाकघरात जरा लवंडावं, तर कुणीतरी तिला ओलांडून चहाचं पातेलं काढायचं. वर "तू झोप गं आई, मी करतो," म्हणायचं आणि साखर कुठेय ते विचारायचं! रात्री जेवणं अकराला. सगळं आवरून अंथरुणाला पाठ टेकली की डोळे टक्क उघडे.

त्या दुपारी विनायकरावांचा फोन स्पीकरवर होता. कुठल्याशा संस्थेने लॉकडाऊनमधल्या झोपेची पाहणी चालवली होती. घरातल्या सगळ्यांचा फॉर्म त्यांनी परस्पर भरून टाकला होता आणि आज एक मुलगी खातरजमा करत होती.

"आपकी पत्नी. नींद आठ घंटे, गहरी, कोई शिकायत नहीं. सही है, सर?"

"जी, बिलकुल सही."

नलिनीने हातातली कढई ओट्यावर आदळली आणि ती तरातरा बेडरूममध्ये आली.

"मला विचारलंत?"

"अगं, त्यात विचारायचं काय? माझ्या शेजारीच तर झोपतेस."

"तीस वर्षं कारखान्यात मोटारी तपासताय. चालवून न बघता एकीवर तरी 'ठीक' म्हणून सही केलीत?"

घोरणाऱ्या माणसाला शेजारचं जागं माणूस दिसत नाही, हे मान्य. पण विचारायला तोंड होतं की नाही?

तिने फोन हातात घेतला. "लिखो बेटा, चार घंटे. वो भी टुकड़ों में."

"मैडम, बदलाव सिर्फ़ घर के मुखिया करवा सकते हैं."

"तो पहले मुखिया बदलो. नाम लिखो, नलिनी देवधर."

पलीकडून चाचरत आवाज आला, "सर, लिख दूँ?"

अजूनही सरच! नलिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने फोन नवऱ्यापुढे धरला आणि ती त्यांच्याकडे नुसतं बघत राहिली.

"लिख दीजिए," विनायकराव खाली मान घालून म्हणाले. "मैंने पूछा ही नहीं था."

नलिनीने पलंगावरचा लॅपटॉप उचलून त्यांच्या हातात दिला, त्यांना बाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

चारला चहासाठी दार वाजलं. मग जरा जोरात वाजलं. तिने उघडलं नाही, कारण तिला ते ऐकूच आलं नाही.