पुठ्ठ्यावरचे अकरा दोष

माझ्या पुढच्या चाकाला बत्तीस तारा आहेत. त्यांपैकी एकतीस करड्या पडल्या आहेत आणि एक लखलखीत आहे. चाक हळू फिरत असेल तर ती दर फेऱ्याला एकदाच चमकते. वेग वाढला की चमका एकमेकींना चिकटतात आणि चाकात उजेडाचे एक सलग वर्तुळ दिसते. ते दिसले की समजावे, सायकल नीट चालली आहे.

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. मी रडगाणे गाणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. जुन्या वस्तूंनी कोपऱ्यात बसून उसासे टाकायचे असतात, असे तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही दुसऱ्या कोणाकडे जा.

माझा जन्म एका लांबट, पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई चाके ताणायच्या. प्रत्येक तार त्या नखाने छेडून बघत आणि कान देऊन ऐकत. आवाज बोदा आला तर किल्लीने पाव फेरा घट्ट. फार टणक आला तर पाव फेरा सैल. सगळ्या तारा एका सुरात बोलल्याशिवाय त्यांनी एकही चाक पुढे सोडले नाही. माझी चाके आजही सरळ फिरतात, ती त्या नखामुळे.

मला पहिल्यांदा नेले ते विजेचे मीटर वाचणाऱ्या एका गृहस्थांनी. एकोणीस वर्षे आम्ही घरोघर हिंडलो. ते दिवसातून साठ-सत्तर वेळा उतरत, मला डाव्या अंगाने भिंतीला टेकवत, आकडा लिहून घेत आणि पुन्हा चढत. म्हणून माझ्या डाव्या मुठीचे रबर उजवीपेक्षा जास्त झिजले आहे. एकदा गटाराच्या जाळीत चाक अडकून एक तार तुटली. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी नवी बसवली. तीच ही चमकणारी.

दर रविवारी ते माझ्या साखळीला तेल घालत. मग आतून त्यांच्या पत्नीचा आवाज येई, "माझ्या डोक्याला कधी एवढं तेल विचारलंत का?"

"तुझी साखळी कुठे कुरकुरते?" ते म्हणत.

"कुरकुरायला वेळ तरी मिळतोय का मला!"

पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांच्या गुडघ्यांनीही तेच केले. मला जिन्याखाली ठेवले. शेजारी फुटकी बादली आणि रंगाचे वाळलेले डबे होते. तीन वर्षांत एकट्या कोळ्याने माझा उपयोग केला. हँडलपासून घंटीपर्यंत त्याने जाळे विणले होते. शेवटी नातवासाठी तीनचाकी घ्यायची ठरली, तेव्हा तिच्या बदल्यात मला सायकलच्या दुकानात देऊन टाकले.

दुकानाचे मालक स्वतःच मिस्त्री. अंगाने बारीक, बोलणे त्याहून बारीक. त्यांची एक रीत होती. जुनी सायकल आली की ते ती पूर्ण उघडत, पुन्हा जोडत आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पेन्सिलीने तिचे दोष लिहून तो हँडलला बांधत. गुण एकही लिहीत नसत. कोणी विचारले तर म्हणत, "गुण गिऱ्हाइकाला सापडतात. दोष मी सांगायचे."

माझ्या पुठ्ठ्यावर अकरा दोष होते. रंग उडालेला. गिअर नाहीत. वजन जास्त. मागच्या मडगार्डला पोचा. हे मॉडेल आता निघत नाही. आणि चौथ्या क्रमांकावर, पुढच्या चाकाची एक तार बदललेली. हे वाचून मला संताप आला. तुटलेली तार बदलली, हा दोष? मग न बदलता तशीच ठेवली असती तर तो गुण झाला असता का?

गिऱ्हाइके येत, पुठ्ठा वाचत आणि नव्या सायकलींकडे वळत. नव्यांना पुठ्ठे नव्हते, चकचकीत चिकटपट्ट्या होत्या. लोकांची पारख बघून मला हसू येई. कोणी अंगठ्याने टायर दाबे. मित्रांनो, टायर दाबून फक्त हवा भरली आहे, एवढेच कळते. कोणी एका हाताने उचलून बघे, जणू सायकल खांद्यावर घेऊनच कामाला जायचे आहे. जिच्यावर रोज बसायचे, तिच्यावर बसून मात्र क्वचितच कोणी बघे.

मग एके दिवशी मिस्त्री नव्या मालासाठी जागा मोजू लागले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "महिनाअखेर भंगारवाला येतोय. तोवर बघू."

भंगाराला मी भ्याले नाही. पण चालण्याजोगी असताना मोडणे मला मान्य नव्हते.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी एक बाई आल्या. चाळिशी ओलांडलेल्या, हाताच्या बोटांवर पांढरी पूड. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवण्याच्या कार्यशाळेत त्या काम करत. सोबत त्यांचे थोरले भाऊ होते. दुकानाच्या दारात स्कूटर आडवी लावून ते आत आले ते बोलतच.

"हिला सायकल हवीये. मी म्हणतो कशाला, मी आहे ना! पण बघू म्हणते, तर बघू दे."

"किती लांब जायचं?" मिस्त्रींनी बाईंना विचारले.

"जवळच आहे," दादा म्हणाले.

"पावणेचार किलोमीटर," बाई म्हणाल्या.

"चढ?"

"काही नाही," दादा.

"एक पूल आहे," बाई.

"सामान?"

"सामान कसलं! डबा तेवढा."

"डबा आणि साच्यांची पेटी," बाई हळूच म्हणाल्या. "अडीच किलोची."

दादांनी तोवर आपली निवड केली होती. जाड टायरची, पुढे स्प्रिंगा असलेली, एकवीस गिअरची. "ही घे, चिमे. डोंगर चढशील."

"डोंगर कुठाय दादा आपल्याकडे?"

"असता तर चढली असतीस ना!"

बाई हसल्या. त्यांनी वही काढून सगळ्या सायकलींची मापे लिहून घेतली आणि न बसताच निघून गेल्या.

पुढच्या दोन शनिवारी हेच झाले. फक्त आता त्या एकट्या येत. चाकाचा व्यास, नळीची लांबी, टायरची रुंदी, सगळे वहीत उतरत होते आणि निर्णय कुठेच नव्हता. मी आतल्या आत धुमसत होते. अहो, मोजायला पट्टी लागते, ठरवायला नाही!

चौथ्या शनिवारी मिस्त्रींनाही राहवले नाही. "बाई, घाई नाही. पण अडलंय कुठे?"

बाईंनी पिशवीतून एक पितळी किल्ली काढून काउंटरवर ठेवली.

"ही आमच्या भट्टीची. दातांचा रंग तिच्यात पक्का होतो. इतकी वर्षं मालकीणबाई स्वतः पेटवायच्या. आता मला म्हणाल्या, तू सांभाळ. सोमवारपासून साडेसातला भट्टी पेटायला हवी. एक दिवस जरी उशीर झाला तर किल्ली दुसऱ्या कोणाकडे जाईल, असं स्पष्ट सांगितलंय."

"मग?"

"दादा मला चौदा वर्षं स्कूटरवर सोडतोय. मायेनं सोडतो. पण त्याचे सव्वाआठ कधी नऊ होतात, ते त्यालाही कळत नाही. किल्लीचं त्याला अजून सांगितलेलंच नाही. सांगितलं की म्हणेल, मी आहे ना, सातला उठतो. दोन दिवस उठेलही." त्यांनी काउंटरवरची किल्ली सरळ केली. "आणि सायकल चुकीची निघाली तर जन्मभर ऐकावं लागेल."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "कवळी तुम्ही कशी ठरवता हो? दिसण्यावरून?"

"छे! मेणाची करून आधी तोंडात बसवून बघतो. हिरडीला टोचली तर..." बघता बघता त्यांच्या कानशिलांवर लाली चढली. चार शनिवार त्यांनी वहीत सायकल बसवून पाहिली होती आणि स्वतः एकदाही बसल्या नव्हत्या.

"ती काढा जरा," त्या म्हणाल्या. बोट माझ्याकडे होते.

मिस्त्रींनी सीट दोन बोटे खाली घेतली. "पॅडल अगदी खाली घ्या. टाच टेकवा. पाय सरळ होतोय? मग उंची बरोबर."

पाय सरळ झाला. मी भिंतीपासून सुटले.

पहिली पन्नास पावले आम्ही दोघींनी लाज घालवली. त्या वीस वर्षांनी सायकलवर बसल्या होत्या आणि मी तीन वर्षांनी रस्त्यावर आले होते. एका भाजीवाल्याने आपली टोपली पटकन मागे ओढली. पुलाच्या चढावर त्यांना धाप लागली आणि त्या उतरून चालू लागल्या. मला वाटले, संपले. पण पुलाच्या पलीकडच्या टोकाला त्यांनी मला वळवले आणि तोच पूल उलट दिशेने चढायला घेतला. या वेळी त्या उतरल्या नाहीत. माझे वजन जास्त, असे पुठ्ठा म्हणत होता ना? त्याच वजनाने उतारावर मी रस्ता सोडला नाही. आणि खाली येताना मी पाहिले, माझ्या चाकात उजेडाचे वर्तुळ सलग झाले होते.

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी सायकल हात जोडून म्हणते, मला जपा, पुसा, सावलीत ठेवा. मी हात जोडणार नाही. जिन्याखाली मी तीन वर्षे सावलीतच होते. मला चालवा. झिजेन, ते माझे मी बघेन. वस्तू घेताना तिचे दोष जरूर वाचा, पण ते कोणाच्या वाटेत येणारे आहेत, हेही विचारा.

बाईंनी नेमके तेच केले. परत येताच मिस्त्रींच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि पुठ्ठा हातात धरला.

"रंग. कवळी रंगाने चावत नाही. हा गेला. गिअर. एका पुलासाठी नकोत. वजन गेलं. बदललेली तार..." त्यांनी चाक उचलून फिरवले आणि नखाने ती तार छेडली. मग शेजारची. दोन्ही एका सुरात बोलल्या. "ही तर सगळ्यात चांगली आहे. पोचा, मूठ, मॉडेल, गेले." सात ओळींवर रेघा पडल्या. "राहिले चार. ब्रेकची रबरं, मागचा टायर, घंटी आणि पॅडलचा सैल झालेला आस. हे मात्र सोमवारच्या आत नीट करून द्या."

"उद्या संध्याकाळी न्या," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या बारीक आवाजात प्रथमच थोडा रुंदपणा आला होता.

तेवढ्यात दारात स्कूटर थांबली. दादा आत आले. "चिमे, त्या एकवीस गिअरवालीचं मी नक्की करून टाकतो. रोज मीच सोडणार, पण हौस म्हणून असू दे घरी." मग त्यांची नजर पुठ्ठ्यावर गेली. "हे काय? अकरा दोष! अगं, माझ्या लग्नात सासरच्यांनीही एवढे काढले नव्हते."

"त्यांना पुठ्ठा मिळाला नव्हता," बाई म्हणाल्या.

मिस्त्री उगाचच वाकून पंप शोधू लागले.

"चेष्टा सोड. ही चालते तरी का?"

"पुलावरून आणली आत्ता. दोनदा."

"तू?" दादांचा चेहरा एकदम उतरला. "पडली असतीस म्हणजे? सांगायचंस ना. मी आहे ना!"

बाईंनी काउंटरवरची किल्ली उचलली आणि मूठ मिटली. दुसरा हात माझ्या हँडलवर होता, झिजलेल्या रबरावर. मी हलले नाही.

"आहेस रे दादा. चौदा वर्षं आहेस." त्यांनी मूठ उघडून किल्ली दादांना दाखवली. "पण सोमवारपासून साडेसातला भट्टी मी पेटवणार आहे. ही सायकल घेतली मी. आता मला सोडायला यायचं नाही. माझी मी जाईन."