बारा अक्षरांचा ग्रह

आमच्या घरात चाळीस दिवस अबोला होता आणि त्या चाळीस दिवसांत बापलेक रोज एकमेकांशी खेळत होते. सांगितलं तर कुणाला पटत नाही. मला नवल करायलाही सवड नव्हती, कारण दोघांचे निरोप इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

आमचे हे, म्हणजे बिरप्पा, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले पहिले शिकलेले. सोलापुरात होटगी रस्त्यावर त्यांनी बावीस वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला. पोरं टिकून राहावीत म्हणून कुणाकडून तरी फ्लॉपीवर एक खेळ आणला होता. काळ्या पडद्यावर तारे, ताऱ्यांभोवती ग्रह. जहाजं पाठवायची, नव्या ग्रहावर वस्ती करून त्याला नाव द्यायचं, शेजाऱ्याशी तह करायचा नाहीतर भांडायचं. त्यात घाई म्हणून नाही. एकानं आपला डाव संपवला की मग दुसऱ्याचा. तो खेळेपर्यंत आख्खं आकाश थांबून राहतं. आमची पूनम सात वर्षांची असल्यापासून ह्यांच्या मांडीवर बसून हे शिकली. पाढे मात्र मला शिकवावे लागले.

गेल्या दिवाळीत पूनमनं तो खेळ नव्या लॅपटॉपवर चालवून दाखवला. ती जनावरांची डॉक्टर आहे, पण बापाचं हे वेड तिच्यातही उतरलंय. जुना खेळ नव्या मशीनला ओळखत नाही म्हणे, म्हणून तिनं जुन्या मशीनचं सोंग घेणारा एक प्रोग्रॅम घातला. पहिल्या दिवशी जहाजं निघायच्या आधीच पोचायला लागली. मग तिनं वेग कमी केला. चित्र मात्र एवढ्या मोठ्या स्क्रीनवर पत्त्याएवढंच राहिलं. मोठं केलं की ह्यांना धूसर दिसायचं, म्हणून ते तसंच लहान ठेवलं. हे सकाळी फिरून आले की आपला डाव खेळायचे, पूनम संध्याकाळी दवाखान्यातून आली की तिचा.

आणि मग तिला राजस्थानातल्या एका मेंढी संशोधन केंद्रात दोन वर्षांचं काम मिळालं.

"मेंढरांतनं भाईर यायला मला वीस वर्सं लागली," हे म्हणाले. "आन् तू डाक्टर होऊन परत मेंढरांतच चाललीस व्हय?"

"मी मेंढरं राखायला नाही चालले, अण्णा."

"मग माझ्याशी बोलूच नगं."

दोघं एकाच मुशीतली. त्यांनी तोंड बंद केलं, तिनंही केलं. अठ्ठावीस वर्षांची पोरगी, बापाला न विचारता निघून गेली असती तरी कुणी अडवलं नसतं. पण मला म्हणाली, "चोरासारखी नाही जायची मी. अण्णांची हरकत असेल तर केंद्राला नाही म्हणून कळवून टाकीन." उत्तर द्यायची मुदत पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. हे सगळं मी ह्यांच्या कानावर घातलं.

तेव्हापासून "बाई, तिला सांग गिझर बंद कर" आणि "आई, अण्णांना सांग बंदच आहे" हे सुरू झालं. मी मराठीची शिक्षिका, म्हणून हे मला बाई म्हणतात. आधी चेष्टेनं, आता सवयीनं. दहाव्या दिवशी मी दोघांना बसवून सांगितलं की आजपासून ह्या घरात निरोप बंद, मी पोस्टमन नाही. त्यानंतर घर फारच शांत झालं.

खेळ तेवढा चालू होता. अबोल्याच्या तिसऱ्याच दिवशी ह्यांनी तिच्याशी असलेला व्यापाराचा तह मोडला. तिनं आपलं आरमार ह्यांच्या ग्रहाशेजारी आणून उभं केलं, पण हल्ला केला नाही. मी येताजाता बघायची. मला त्यातलं काही कळत नाही, पण दोघं एकमेकांना जपून खेळतायत एवढं कळत होतं, आणि त्याचाच मला राग यायचा.

पस्तिसाव्या दिवशी मंद्रूपहून माझ्या दिरांचा, बापूसाहेबांचा फोन आला. कळपात रोग शिरला होता, रोज चार-पाच कोकरं दगावत होती. पूनम रजा टाकून गेली, दोन दिवस तिथंच राहिली, परत आली तेव्हा अंगाला मेंढ्यांचा वास येत होता. मागोमाग दिरांचा ह्यांना फोन.

"आरं बिरप्पा, पोरीनं कळप राखला की माझा."

हे नुसतं "व्हय" म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहा पिताना मला विचारतात, "राजस्थानात थंडी लई असती का गं?"

"ज्याला जायचंय त्याला विचारा," मी म्हणाले. मी इतकं ताठ राहायला नको होतं, हे आता वाटतं.

तो रविवार उजाडला. हे नेहमीसारखे फिरून आले, डाव खेळले, जरा जास्तच वेळ बसले आणि दुपारची झोप काढून पिशवी घेऊन भाजीला गेले. जाताना चक्क शीळ घालत होते. सुट्टी म्हणून पूनम चार वाजताच लॅपटॉप घेऊन बसली. थोड्या वेळानं तिनं झाकण मिटलं.

"आई, मी नाही म्हणून कळवते."

"का गं? आज काय झालं?"

"अण्णांनी उत्तर दिलंय. नव्या ग्रहाला नाव दिलंय, बघ जा." आणि आपल्या खोलीत जाऊन फोनवर लिहायला बसली.

मी लॅपटॉप उघडला, चष्मा लावला. एका तांबड्या ठिपक्याखाली इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं: माझी हरकत.

मला ह्या माणसाचा इतका संताप आला की सांगता येत नाही. दोन शब्दांत पोरीचं मन मोडायचं, तेही असं ग्रहावर लिहून. जिन्यात पावलं वाजली तेव्हा साडेचार झाले होते. मी तिथंच भाषण तयार करत होते, पण तीस वर्षं वह्या तपासलेला डोळा त्या दोन शब्दांवरून हटेना. माझी हरकत. पुढं काय? वाक्याला क्रियापदच नव्हतं.

हे आत आले. मी विचारलं, "तुम्ही पूनमला काय लिहिलंत?"

"लिवलं की. माझी हरकत न्हाय." पिशवी खाली ठेवून हसले. "वाचलं का तिनं?"

मी लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. हे टाइप करताना कळफलकाकडे बघतात, वर बघत नाहीत. पोरांना बावीस वर्षं उलटं शिकवलं असलं तरी. त्यांनी नाक स्क्रीनला टेकवलं.

"न्हाय कुटं गेलं?"

मग बोटांवर मोजायला लागले. इंग्रजीत माझीची पाच, मधली मोकळी जागा एक, हरकतची सहा. बारा. त्या खेळात नावाला जागाच बारा अक्षरांची. मराठीत नाही शेवटी येतं, आणि शेवटचंच त्यानं घेतलं नव्हतं.

"थांब, दुरुस्त करतो," म्हणत ते बटणं दाबू लागले. काही होईना. "तिचा डाव हाय. ती खेळल्याबिगर मला हात लावता येत न्हाय." माझ्याकडे वळले. "बाई, तू जा. सांग तिला."

पावणेपाच झाले होते. पाय आपोआप उचलला गेला होता, तो मी खाली ठेवला. "निरोप बंद आहेत," मी म्हणाले.

ते तिच्या दारात गेले. पूनम पाठमोरी बसली होती.

"न्हाय," ते म्हणाले.

"वाचलं मी, अण्णा. तेच लिहितेय." ती वळली नाही.

"तसं न्हाय गं. त्यातलं न्हाय ऱ्हायलं. माझी हरकत... न्हाय. बारा अक्षरांत बसलं न्हाय."

पूनमनं मान वळवली. तिची बोटं मांडीवर हळूच हलली. तीही मोजत होती. बाराव्या अक्षराला तिचा चेहरा बदलला. मी दाराआड उभी होते, मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं.

"मग जाऊ?" तिनं विचारलं.

"मला काय इचारतीस?" हे म्हणाले. "डाव तुझा हाय."

ती पुन्हा फोनवर वाकली आणि लिहिलेलं खोडायला लागली.