विरजणापुरतं

“या गावचं सांडपाणी आम्ही गंगाजल केलं, अन् पहिला पेला मीच पिणार!” नाल्याकाठी उभे राहून सरपंच देवसिंग भाषणाची तालीम करत होते. घसा कोरडा पडला, तसं त्यांनी पिशवीतून पाण्याची सीलबंद बाटली काढली.

युनूस सायकल स्टँडवर लावायला वाकला तो वाकलेलाच राहिला. समोर त्याचा वाफा पांढराशुभ्र दिसत होता.

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावचा नाला या गोट्यांच्या वाफ्यातून पुढे शेतांकडे जाई. वर कर्दळ आणि पाणकणीस, खाली गोट्यांवर जंतूंचा बुळबुळीत थर. घाण खाऊन पाणी निवळायचं काम त्या थराचं. मोटरपंप दुरुस्त करणाऱ्या युनूसनं तो आठ महिने लेकरासारखा वाढवला होता. दुधाला विरजण तसे गोट्यांना हे जंतू, असं त्यानं ग्रामसभेत तीनदा समजावलं होतं आणि तिन्ही वेळा लोकांनी माना डोलावल्या होत्या. आज यवतमाळहून साहेब पाण्याचा नमुना न्यायला येणार होते. नमुना नापास झाला तर वाफा बुजवून तिथं सभागृह बांधायचं, असं ठरलं होतं.

कर्दळीची पार हजामत झाली होती. ब्लीचिंग पावडरचा वास नाकात चढत होता. मधोमध गावच्या सफाई कामगार तुळसाबाई खराटा टेकून घाम पुसत होत्या.

“मावशी, हे काय करून ठेवलं?”

“सायेब येऊन राह्यले ना, बापू. गोट्याईवर केवढा चिकट राडा होता. पहाटपासून चौघीजणी घासून राह्यलो.”

“त्यात जंतू होते, मावशी.”

“हो ना,” तुळसाबाई समाधानानं म्हणाल्या. “एकबी ठेवला नाही.”

युनूसनं काही कारण नसताना सायकलची घंटी दोनदा वाजवली.

साहेब आले. एवढा स्वच्छ वाफा जिल्ह्यात पाहिला नाही, म्हणाले. हा स्वच्छ नाही, मेलेला आहे, असं युनूस सांगू लागला, तोच देवसिंगांचा बूट त्याच्या पायावर पडला. इतकं डोळ्यांना दिसत असताना नमुना कशाला, असं म्हणत साहेबांनी ‘आदर्श’ असा शेरा मारला. नमुन्याची बाटली आली तशी रिकामीच गाडीतून परत गेली. पहिल्या पेल्याची आठवण कुणी काढली नाही, देवसिंगांनी तर नाहीच.

धुरळा बसल्यावर युनूस लाथेनं गोटे उडवत वाफ्याच्या टोकापर्यंत गेला. तिथं एक ओलं पोतं पसरलेलं होतं. त्यानं ते उचललं. खाली हातभर जागेतले गोटे काळेहिरवे होते, बुळबुळीत. तो उकिडवा बसला आणि त्यांच्यावर तळवा ठेवून तसाच राहिला. फार नव्हतं. विरजणापुरतं होतं.

मागे तुळसाबाई खालमानेनं येऊन उभ्या राहिल्या.

“तेवढंच घासाचं राह्यलं, बापू. सरपंचाले नको सांगजो,” त्या हळूच म्हणाल्या. “अन् उद्या येतांनी पावडरचा एक पुडा घेऊन येजो.”