रिकामा चौकोन

शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना मुलं 'चौकोन सर' म्हणायची. हे नाव त्यांच्या कानावर आलं तेव्हा राग येण्याऐवजी त्यांना बरंच वाटलं. आनुवंशिकतेचा धडा हा त्यांचा हातखंडा होता. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, दोघांमधली आडवी रेघ म्हणजे लग्न, आणि ज्याच्यात दोष दिसतो त्याची आकृती भरून टाकायची. फळाभर असा एखाद्या घराण्याचा तक्ता मांडून कुणाचं काय कुणाकडून आलं, हे ते इतक्या रुबाबात उलगडत की स्वतःच्या घराण्याकडे बघायची त्यांना कधी गरजच वाटली नाही.

घरात त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक एकच होतं, मेहुणा. त्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नसे. तरुणपणी तो वायरमनचं काम शिकायला गेला, भलत्या वायरी जोडून अख्ख्या इमारतीचे दिवे घालवून बसला आणि शेवटी सुतार झाला. तो दारात आला की सर भाजीची टोपली पुढे करून विचारायचे, "यातला पिकलेला टोमॅटो कोणता, सांगा बरं!" आणि कुणी हसायच्या आत स्वतःच हसायचे.

त्यांच्या मुलीला जहाजावर अधिकारी व्हायचं होतं. लेखी परीक्षा, मुलाखत, सगळं तिने मारून नेलं. राहिली होती फक्त वैद्यकीय तपासणी. त्या दुपारी ती घरी आली, फाइल टेबलावर टाकली आणि म्हणाली, "नापास. रंगीत ठिपक्यांमधला आकडा ओळखायचा होता. मला नुसते ठिपकेच दिसले. रंगांधळी आहे म्हणे मी."

अशा वेळी बापाने लेकीच्या पाठीवर हात ठेवायचा असतो. सरांनी कागद ओढला.

"यात रडण्यासारखं काही नाही, हे शास्त्र आहे," ते म्हणाले. "हा तुझा मामा." एक चौकोन काळा झाला. "त्याला हे आलं तुझ्या आजीकडून. आजीला स्वतःला सगळं नीट दिसतं, पण दोष तिच्यातून पुढे जातो. म्हणून तिच्या गोलात ठिपका. तोच दोष तुझ्या आईकडे. हा दुसरा ठिपका."

सरांची बायको बाहेरच्या खोलीत कपडे शिवायची. तिचं मशीन थांबलं. "म्हणजे खापर आमच्या माहेरावर."

"खापर नाही गं, एक्स गुणसूत्र."

"आणि मी?" मुलीने विचारलं.

सरांची पेन्सिल तिच्या गोलावर आली आणि तिथेच अडली. मुलाकडे एक्स एकच, आईचा. तो बिघडलेला निघाला की झालं. मुलीकडे दोन, एक आईचा, एक बापाचा. एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. म्हणजे मुलगी रंगांधळी व्हायची तर दोन्ही बिघडलेले हवेत. आणि बापाकडे तर तो एकच असतो! हाच प्रश्न ते दरवर्षी परीक्षेत घालत आणि चुकणाऱ्याला 'डोकं वापरा' असा शेरा देत.

"तपासणीत चूक झाली असेल," सर म्हणाले.

"पुन्हा घेतली, बाबा. तेच आलं."

बायको येऊन कागदावर वाकली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा धडा तिचाही पाठ झाला होता. "माझ्या गोलात ठिपका. तिचा गोल काळा. मग तुमचा चौकोन रिकामा कसा?"

"तसं अगदी नेहमीच..."

"हे बघा, एक तर तुम्हाला रंग दिसत नाहीत, नाहीतर या चौकोनात दुसऱ्याच कुणाला तरी बसवावं लागेल. बोला, कुणाला बसवू?"

सरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्या कोणत्या रंगाच्या झाल्या, हे सांगायला ते स्वतः अर्थातच लायक नव्हते. घरी आल्यापासून मुलगी पहिल्यांदाच खुदकन हसली.

बायकोने दोऱ्याच्या रिळांचा डबा आणला. "यातली हिरवी काढा."

सरांनी चष्मा पुसून, निवडून निवडून रिळं काढली आणि ऐटीत ओळीने मांडली. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

"यात हिरवी दोनच आहेत," बायको हळूच म्हणाली. "बाकीची तपकिरी."

"इथे उजेड कमी आहे."

"मग खिडकीत घेऊन जा."

सर खिडकीत गेले, नीट निरखलं आणि होती ती दोन हिरवीसुद्धा डब्यात परत टाकली.

"तुला माहीत होतं?" त्यांनी पडेल आवाजात विचारलं.

"रंग दिसत नाहीत हे कुठे माहीत होतं? मला वाटायचं, तुमची आवडच वाईट. एवढा शिकलेला माणूस, त्याला बोलायचं कसं! म्हणून सगळे सदरे पांढरे नि निळे शिवत आले."

सरांनी शेवटच्या आशेने आईला फोन लावला. ती म्हणाली, "लहानपणी तू झाडांची खोडं हिरवी आणि पानं तपकिरी रंगवायचास. बाईंनी तक्रार केली, तर मी म्हटलं, पोरगा चित्रकार होणार."

"अगं, मग डॉक्टरकडे का नाही नेलंस?"

"चित्रकार होण्यावर औषध असतं का रे?"

सरांनी फोन ठेवला आणि आपला चौकोन भरला. पेन्सिलचं टोक मोडलं, तरी ते घासतच राहिले. "माझ्याकडून आलं तुला," ते मुलीला म्हणाले.

"आईकडूनपण आलंय. आता त्यावरून भांडू नका." एवढं बोलून तिचा बांध फुटला. "बाबा, मला समुद्रावर जायचं होतं हो."

या वेळी सरांनी कागद बाजूला सारला आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. आपल्याला हे जमतं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

रविवारी मेहुणा आला. बातमी अर्थात त्याच्या आधीच पोचली होती. तो सरांसमोर पाय पसरून बसला. इतक्या वर्षांची उधारी वसूल करायची घाई त्याला अजिबात नव्हती.

"भावोजी, तुमच्या-माझ्यात फरक एकच. मला कळलं तेव्हा मी धंदा बदलला."

"मला आत्ता कळलं हो!"

"तेच तर. तोवर तुम्ही शिकवण्या घेतल्या."

सर हसले. आधी उसनं, मग खरंखुरं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर मेहुणा भाचीकडे वळला. जहाज बांधायच्या कारखान्यात तो केबिनचं सुतारकाम करायचा. "आमच्याकडे आराखडे काढणारी माणसं आहेत. पांढरा कागद, काळी रेघ. नुसतं बघायला तर ये."

ती लगेच गेली नाही. कित्येक दिवस कुणाशी धड बोललीसुद्धा नाही. मग एका सकाळी स्वतःहून मामाबरोबर निघाली आणि संध्याकाळी हाताला ग्रीस लावून परतली. पुढच्या वर्षी तिने जहाजबांधणीच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. समुद्राची हुरहुर गेली असं नाही. पण समुद्रावर जाणाऱ्या गोष्टीत तिचा जीव रमला.

एकदा ती सरांना कारखाना दाखवायला घेऊन गेली. गोदीत एका बोटीच्या पोटाला नुकताच रंगाचा हात दिलेला होता.

"बाबा, रंग कोणता असेल?"

सरांनी मागे सरून, मान तिरकी करून बघितलं. तिनेही बघितलं. मग बापलेक जाऊन शिडीवरच्या रंगाऱ्याला विचारू लागले, आणि ही दोघं आपली टिंगल करताहेत असं समजून तो शिडीवरूनच त्यांच्यावर खेकसला.