मागची सीट

“मावशी, तुम्ही वल्हं उचललंत ना?”

मुलीने मान न वळवता विचारलं. तळ्याच्या मधोमध, दोघांच्या अरुंद होडीत, कयाकमध्ये, मावशीला पळून जायला जागा नव्हती.

“मी? छे गं!”

“थेंब पडतायत. तुम्ही वल्हं वर धरलं की टपटप वाजतं. मघापासून ऐकतेय मी.”

चोराच्या मनात चांदणं.

अकरा वर्षं ती या तळ्यावरच्या होड्या सांभाळत होती, आणि दर मंगळवारी शाळेच्या समुपदेशक मॅडम पाठवतील त्या मुलांना वल्हवायला शिकवत होती. कुणाची झोप उडालेली, कुणाचे हात वर्गात पाऊल टाकताच थरथरायचे. मावशी काही डॉक्टर नव्हती. तिच्याकडे एकच युक्ती होती. मूल पुढच्या सीटवर, आपण मागच्या. मागचं माणूस दिसतच नाही, तर त्याच्या तोंडाकडे बघून बोलायचं संकटच टळलं! घरी मूग गिळून बसलेली मुलं इथे पाण्याकडे बघत भडाभडा बोलायची. त्यांचा हात बसला की मावशी गुपचूप आपलं वल्हं उचलून धरायची. मग मूल एकट्याच्या होडीत बसायचं, आणि काही दिवसांनी यायचंच बंद व्हायचं. बरं झाल्यावर डॉक्टरकडे तरी कोण जातं?

ही मुलगी तेरा वर्षांची. चार महिने शाळेत गेली नव्हती. पहिले दोन मंगळवार ‘हं’च्या पुढे गाडी सरकली नाही. तिसऱ्याला म्हणाली, “वर्गात मला श्वासच पुरत नाही.” मावशीने उपदेश केला नाही, नुसतं तिच्या वल्ह्याबरोबर वल्हं टाकलं. पुढे एकदा मुलीनेच विचारलं, “तुम्ही आज जेवलात का?” नवरा गेल्यापासून मावशीला हे कुणी विचारलं नव्हतं. संध्याकाळी घर खायला उठायचं. म्हणूनच, कोण शाळेत परतायला तयार आहे हे लिहायच्या मॅडमच्या वहीत, ती मुलीच्या नावापुढे ‘अजून तयार नाही’ असंच लिहीत आली होती. हे वाईट होतं आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

“म्हणजे मी एकटीच चालवतेय? किती दिवस?”

“पाच मंगळवार.”

मुलीचं वल्हं थांबलं. “मला वाटलं, मला जमतच नाहीये. म्हणूनच मॅडम शाळेचं नाव काढत नाहीत.”

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“तुला कधीचंच जमतंय, बाळा. तू गेलीस की माझ्याशी बोलणार कोण, म्हणून मी लिहिलं नाही. माझं चुकलं.”

मुलीच्या पाठीवरून मावशीला काही कळेना. मग मुलीने वल्हं पाण्यात घातलं.

“धक्क्यापर्यंत उचलूनच धरा आता,” ती म्हणाली. “मला बघू दे.”

मावशीने वल्हं मांडीवर आडवं घेतलं. होडी सरळ धक्क्याला लागली. उतरल्यावर मावशीने धक्क्यावर थांबलेल्या मॅडमकडून वही मागून घेतली आणि उभ्या उभ्या ‘तयार’ असं लिहिलं.

पुढच्या मंगळवारी मुलगी एकट्याच्या होडीत बसली. पाठराखणीला मावशी दोघांची कयाक घेऊन निघाली. पुढे वजन नसलं की होडीचं नाक वर उचललं जातं, म्हणून पुढच्या सीटवर तिने पाण्याचा भरलेला कॅन बांधला होता.

“हे कोण?” मुलीने विचारलं.

“नवा विद्यार्थी. मूग गिळून बसलाय.”

मुलगी खळखळून हसली. “मी काल दोन तास वर्गात बसले, मावशी. तिसऱ्याला बाहेर आले. पण दोन बसले.”

“दोन म्हणजे खूप झाले.”

मुलगी निघाली. मागे वळून बघायचं नाही, होडी डगमगते, हे मावशीनेच शिकवलं होतं. मुलीने एकदाही बघितलं नाही.

तळ्याच्या मध्यावर आल्यावर मावशीने सवयीने वल्हं हळूच वर उचललं. थेंब टपटपले. कयाक थोडी पुढे सरकली आणि थांबली.