बुटकं स्टूल

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. मावशीने ठेवलं आणि चिकटलं, कारण पोरगी एका जागी टिकेल तर शपथ! शाळा सोडली, मग शिवणकाम सोडलं, मग बेकरीतलं काम. जरा बिनसलं की धूम. आता या सुतारकामाच्या प्रशिक्षण केंद्रात मावशीने हातापाया पडून जागा मिळवली होती, आणि केंद्रातल्या लोकांनी स्पष्टच सांगितलं होतं, की एकदा पळाली तर परत घेणार नाही. म्हणून मावशी रोज सुटायच्या वेळी डोळ्यांत तेल घालून फाटकाशी उभी राहायची. सतरा वर्षांच्या मुलीला याची लाज वाटत असेल, हे मावशीच्या गावीही नव्हतं.

आज भिंगरीचं पहिलं स्टूल पुरं झालं. खाली ठेवलं, तर डुगडुगलं. तिने एक पाय किंचित कापला. सरकवून दुसरीकडे ठेवलं, तरी तेच. दुसरा कापला. मग तिसरा, मग चौथा. मग परत पहिला. दुपार कलेपर्यंत स्टुलाची उंची इतकी उतरली, की शेजारचा पोरगा म्हणाला, "बाहुलीला बसायला करतेयस का गं?"

सगळे खो खो हसले. भिंगरीचं डोकं सणकलं. तिने करवत आपटली आणि पिशवी उचलली. मागच्या भिंतीवरून उडी मारली असती, तर मावशीला पत्ताही लागला नसता.

"जायचंय तर जा, पण आधी ते इकडे आण," सुतारबाई म्हणाल्या. शिकवणाऱ्या या बाई कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचं ऐकावंच लागे.

दाराजवळ एक दगडी फरशी होती. बाईंनी स्टूल तिच्यावर ठेवलं आणि पायांवर पेन्सिलीने रेघा मारल्या.

"हे जुनं गॅरेज आहे. जमीन कुठे खाली, कुठे वर. पाय तपासायचे ते फक्त या फरशीवर, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतीस."

"म्हणजे स्टूल आधी नीट होतं?"

"बहुतेक. सांधे तर पक्के आहेत. जमिनीचा राग तू बिचाऱ्या पायांवर काढलास."

भिंगरीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने रेघांवर कापलं आणि स्टूल फरशीवर ठेवलं. ते जागचं हललं नाही.

"परीक्षेला मात्र पुऱ्या उंचीचं लागेल," बाई म्हणाल्या.

भिंगरीने पिशवी खुंटीला अडकवली आणि नवं लाकूड घेतलं. आता करवत कशी सुरेख चालत होती! तिला इतकं छान वाटत होतं, की केंद्र सुटलेलंही कळलं नाही.

फाटकातून सगळी पोरं बाहेर पडली, भिंगरी तेवढी नाही. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती तरातरा आत आली.

"पळाली ना? मला ठाऊकच होतं..."

समोर भाची, नखशिखांत भुशाने माखलेली.

"मावशी, एवढी रेघ कापू दे. बस ना तिथे."

मावशी बुटक्या स्टुलावर बसली. गुडघे पार वर आले. ती पुढे झुकली, मागे रेलली. स्टूल हललं नाही.

"कुणी केलंय गं हे?"

"मी."

मावशीने डोळे पुसले आणि डोळ्यांत भुसा गेल्याचं सांगितलं.

"उद्यापासून मी फाटकाशी येत नाही," ती म्हणाली. "तुझी तू ये घरी."